कवितेखालचे नाव : मराठी काव्यनामांविषयी काही विचार

महाराष्ट्राबाहेर मराठी साहित्य शिकविताना कधीकधी असा प्रश्न समोर येतो, की जो मराठी वर्गात कोणी विचारीतच नाही. एका हिंदीभाषक विद्यार्थ्याने आपल्या निबंधात 'कुसुमाग्रज' या नावाचा अर्थ 'फुलांमध्ये श्रेष्ठ' असा केला होता, आणि त्यावरून कवीच्या आत्मविश्वासाविषयी दोन परिच्छेद लिहिले होते. संस्कृत जाणणाऱ्याला तो विग्रह अगदीच अशक्य वाटणार नाही. चूक एवढीच, की येथे 'कुसुम' हे फूल नाही, ती एक मुलगी आहे. कवीच्या धाकट्या बहिणीचे ते नाव. सहा भाऊ आणि एक बहीण, अशा त्या घरात ती सर्वांची लाडकी. म्हणून तिच्या थोरल्या भावाने स्वतःला 'कुसुमचा अग्रज' म्हणवून घेतले. विद्यार्थ्याला ज्या नावात अभिमान दिसला, त्यात वस्तुतः एका भावाने आपली ओळख धाकट्या बहिणीच्या ओळखीला बांधून घेतलेली आहे.

त्या निबंधाने मला विचारात पाडले. ज्याला आपण 'टोपणनाव' म्हणतो, त्याविषयी मराठी समीक्षेत जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी ओळखपत्रासारखे आहे : अमुक कवीचे खरे नाव तमुक. नाव कोणाचे, हे आपण सांगतो. नाव कशाचे, हे क्वचितच विचारतो. शब्दही या दुर्लक्षाला हातभार लावतो. 'टोपण' म्हणजे झाकण. टोपणनावाने काहीतरी झाकले जाते, आणि झाकण उघडले की आत 'खरे नाव' सापडते, असा समज त्या शब्दातच दडलेला आहे. उर्दू-फार्शी परंपरेतील 'तखल्लुस' या शब्दाच्या मुळाशी सुटकेचा, मोकळे होण्याचा अर्थ आहे. एकाच कृतीला एका भाषेने झाकणे म्हटले, दुसरीने सुटणे म्हटले. मराठीतील काव्यनामे यांपैकी कोणत्या बाजूला पडतात, हे नावागणिक पाहावे लागते. आणि पुष्कळशी नावे या दोन्ही बाजूंना पडत नाहीत, असे माझे मत आहे.

जुन्या मराठी कवितेत कवीचे नाव कवितेच्या आत असे. अभंगाच्या अखेरच्या चरणात 'नामा म्हणे', 'तुका म्हणे', 'चोखा म्हणे' अशी मुद्रा येते आणि तिच्याशिवाय अभंग पुरा होत नाही. अन्य भाषांच्या अभ्यासकांना हे नवे नाही. गझलेच्या मक्त्यात तखल्लुस येते, कबीराच्या पदांत कबीराचे नाव येते, बसवेश्वरांच्या वचनांत 'कूडलसंगमदेव' हे अंकित येते. मात्र बसवेश्वरांचे अंकित हे देवाचे नाव आहे, वचनकाराचे नाही, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. मराठीतही मुद्रा नेहमी कवीच्या एकट्याच्या नावाची नसते. एकनाथांनी आपली मुद्रा 'एका जनार्दनी' अशी घडविली. जनार्दन हे त्यांचे गुरू, देवगिरीचे जनार्दनस्वामी. 'जनार्दनी' हे सप्तमीचे रूप आहे असे मानले, तर जनार्दनाच्या ठायी असलेला एका, असा अर्थ होतो. शिष्याचे नाव गुरूच्या नावात बसविलेले आहे. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणविते. रामदासांचे मूळ नाव नारायण. त्यांनी घेतलेले नावच मुळी नात्याचे आहे.

ज्ञानदेवांच्या अभंगांतील मुद्रा या दृष्टीने सर्वांत बोलकी वाटते. 'बापरखुमादेवीवरु विठ्ठलु' असे ते म्हणतात. रखुमादेवीचा वर, विठ्ठल, हा माझा बाप. पंढरीच्या देवाचे हे वर्णन आहे हे उघडच आहे. परंतु ज्ञानदेवांच्या पित्याचे नाव विठ्ठलपंत आणि मातेचे नाव रुक्मिणी होते, हे ध्यानात घेतले की याच शब्दांतून दुसरे एक घर दिसू लागते. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेला बाप, त्या दोषापायी वाळीत पडलेले कुटुंब, आणि त्या बापाचे नाव प्रत्येक अभंगाच्या शेवटी देवाच्या नावासह उच्चारणारा मुलगा. कवीने हा श्लेष हेतुपूर्वक साधला की नाही, याचा निवाडा करण्याचे साधन आपल्यापाशी नाही. पण मुद्रेत कवीचे स्वतःचे नाव येत नाही; तो फक्त कोणाचा तरी मुलगा म्हणून तेथे उभा आहे, एवढे निश्चित. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

मुद्रेचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. ती कवीच्या मालकीची असते, पण केवळ त्याच्याच मालकीची राहत नाही. 'नामा' या मुद्रेची पदे महाराष्ट्रात आहेत, तशी नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या आदिग्रंथातही आहेत. आणि विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना नामदेवांच्या नावावर मिसळली गेल्यामुळे संशोधकांना बराच खटाटोप करावा लागला आहे. 'तुका म्हणे' असे म्हटले की अभंग तुकारामांचाच, असे धरून चालत नाही. आधुनिक संपादकाला हा घोटाळा वाटतो. परंपरेला मात्र तो तितकासा घोटाळा वाटत नसावा. मुद्रा हे एखाद्या आवाजाचे नाव होते, आणि त्या आवाजात बोलण्याची मुभा पुढच्यांना होती.

पंडित कवींकडे वळले तर वेगळाच खेळ दिसतो. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपल्या नावातला 'मोर' वेगळा काढला, त्याचा 'मयूर' केला, आणि आपल्या प्रसिद्ध स्तोत्रकाव्याला 'केकावली' हे नाव दिले. केका म्हणजे मोराची आर्त साद. देवाला मारलेल्या हाका या मोराच्या केका ठरल्या. येथे नाव हे काव्याच्या खाली नाही, शेवटच्या चरणातही नाही. ते थेट ग्रंथाच्या शीर्षकात जाऊन बसले आहे. शाहिरांकडे 'होनाजी बाळा' हे जोडनाव आहे : होनाजी रचणारा आणि बाळा गाणारा, आणि लोकांच्या स्मरणात दोघांचा मिळून एकच कवी झालेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासिके आली आणि कविता गाण्याऐवजी छापली जाऊ लागली. तेव्हा नाव कवितेतून बाहेर पडले. ते कवितेच्या वर किंवा खाली, निराळ्या ओळीत, निराळ्या टाइपात छापले जाऊ लागले. हा बदल आपण फारसा लक्षात घेत नाही, कारण तो सर्वांना स्वाभाविक वाटतो. परंतु मुद्रा जाऊन काव्यनाम आले, हे मराठी कवितेच्या इतिहासातील एक मोठे स्थलांतर आहे. मुद्रा गायकाच्या तोंडी असते, काव्यनाम वाचकाच्या डोळ्यांसमोर असते. मराठी गझल जेव्हा बहरली, तेव्हाही तिने हा नवाच मार्ग धरला. वृत्त आले, काफिया आणि रदीफ आले, पण मक्त्यात स्वतःचे नाव गुंफण्याची रीत मराठीत सामान्यतः रुजली नाही. अभंगामुळे ती रीत आपल्या पूर्ण परिचयाची होती, तरीही.

आता केशवसुतांकडे येऊ. कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) यांनी 'केशवसुत' हे नाव घेतले. वडिलांचे नाव केशव, म्हणून केशवाचा सुत. येथवर प्रत्येक शालेय पुस्तक सांगते. पण मराठी नावाची रचना ज्यांना ठाऊक नाही अशा वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन भागांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. 'कृष्णाजी केशव दामले' या नावात 'केशव' मधोमध आहे. कवीने पहिले नाव गाळले, आडनाव गाळले, आणि फक्त मधले तेवढे ठेवून त्याचा संस्कृत समास केला. म्हणजे 'केशवसुत' हे नवे नाव नाहीच. दफ्तरातल्या नावात जे नाते मुकेपणाने नोंदलेले होते, ते त्यांनी उच्चारले. दफ्तरात त्या नात्यावर विभक्तीचा प्रत्ययसुद्धा नसतो. कवीने तो अर्थ शब्दात आणला.

मराठी कवितेत नवे युग ज्यांच्यापासून मोजले जाते, रूढीवर ज्यांनी उघड प्रहार केले, त्या कवीने स्वतःसाठी 'मुलगा' या अर्थाचे नाव घ्यावे, यात काहींना विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही. ज्ञानदेवांच्या मुद्रेत जे आहे तेच येथे पुन्हा आले आहे. अंतर एवढेच, की देव गळाला आणि बाप राहिला. शिवाय हे नाव व्यक्तीला इतरांपासून वेगळे काढणारे नाही. केशवरावांना दुसरेही पुत्र होते. त्यांपैकी मोरो केशव दामले हे मराठीचे मोठे व्याकरणकार. त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. केशवसुत हे वर्णन त्यांनाही तितकेच लागू पडते. ज्या नावावर भावाचाही हक्क आहे असे नाव कवीने निवडले, याला आत्मगौरव म्हणणे कठीण आहे.

(विनोद असा की, प्रल्हाद केशव अत्रे यांचेही मधले नाव 'केशव'. त्यांनी 'केशवकुमार' असे नाव घेतले आणि १९२५ साली 'झेंडूची फुलें' या विडंबनांच्या संग्रहाने मराठी कवितेची टर उडविली. 'केशवसुत' आणि 'केशवकुमार' हे अर्थाने एकच शब्द आहेत. एका नावाने आधुनिक मराठी कविता सुरू झाली आणि जवळजवळ त्याच नावाने तिच्या सांकेतिकतेला हसून घेतले.)

केशवसुतांचा अनुयायी म्हणवून घेण्यात राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांना भूषण वाटे. त्यांनी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' हे नाव घेतले, विनोदी लेखनासाठी 'बाळकराम' हे घेतले, आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. नाव तीन, लेखक एक. 'गोविंदाग्रज' याची घडण केशवसुतांसारखीच आहे, पण दिशा उलटी आहे. सुत वर पाहतो, अग्रज खाली पाहतो. आणि येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. मराठी नावाच्या तीन भागांत वडिलांना जागा आहे, कुळाला जागा आहे. धाकट्या भावंडाला कोठेच जागा नाही. थोरला भाऊ असणे हे नाते दफ्तरात नोंदले जात नाही. ते घरात असते, हाक मारण्यात असते. त्या नात्याला नावात जागा करून देण्याचे काम कवितेने केले.

हीच घडण पुढे विष्णु वामन शिरवाडकर (१९१२–१९९९) यांनी वापरली, आणि त्यांच्या बाबतीत तिला आणखी एक पदर आहे. त्यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ. ते दत्तक गेले, तेव्हा स्वतःचे नाव बदलले आणि मधले नावही बदलले. गजानन रंगनाथ हे विष्णु वामन झाले. ज्याची दोन मधली नावे होऊन गेली आहेत, त्याने 'सुत' या घडणीचे नाव घ्यायचे ठरविले तर ते कोणाचे सुत म्हणून घ्यावे? दत्तकाने पितृत्व कायद्याने बदलते. धाकट्या बहिणीचे थोरलेपण कोणत्याही विधीने बदलत नाही. कवीने हा विचार केला होता असा माझा दावा नाही. परंतु त्यांच्या सर्व नावांत मूळ घराशी बांधलेले आणि आयुष्यभर टिकलेले नाव हेच एक आहे, ही वस्तुस्थिती आहे. 'विशाखा' (१९४२) या संग्रहावर ते आहे. 'नटसम्राट' या नाटकावर मात्र 'वि. वा. शिरवाडकर' असे आहे. कवितेला घरातले नाव आणि रंगभूमीला दफ्तरातले नाव, ही वाटणी गडकऱ्यांचीही होती.

नात्याच्या या नावांशेजारी काही नावे अशी आहेत, की जी दुसऱ्यांनी दिली. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाचे काव्यवाचन ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटले. नाव चिकटले. १९१८ साली भादली येथे रेल्वेच्या अपघातात तो गेला तेव्हा त्याचे वय अठ्ठावीसही झालेले नव्हते. त्या नावातून वयाने बाहेर पडण्याची संधीच त्याला मिळाली नाही. समीक्षकांनी त्याच्या कवितेत 'बाल्य' शोधताना या नावाने आपली किती दिशाभूल केली आहे, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. त्याच्या कवितेतील उदासी बालकाची नाही.

आत्माराम रावजी देशपांडे (१९०१–१९८२) यांचे 'अनिल' हे नाव वरवर पाहता साधे, वाऱ्याचे, त्या काळच्या रोमँटिक अभिरुचीला साजेसे. ते नात्याचे नाव म्हणून घेतलेले नव्हते. पुढे तसे झाले. कवी आणि कुसुमावती देशपांडे यांच्या पत्रव्यवहाराचे पुस्तक १९७२ साली आले, कुसुमावतींच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. त्याचे नाव 'कुसुमानिल'. दोन नावांचा संधी झाला आणि एकट्याचे नाव दोघांचे झाले. वारा आणि फूल हा संकेत जुनाच. पण येथे तो संकेत राहत नाही.

माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९) यांच्या 'माधव जूलियन' या नावाविषयी आपल्याकडे थोडी अधिक चर्चा झालेली आहे. 'जूलियन' मारी कोरेली या कादंबरीलेखिकेच्या पुस्तकातून आले असे एक मत आहे, शेलीच्या काव्यातून आले असे दुसरे. उगम कोणताही असो, नाव इंग्रजी वाचनातून आलेले आहे. हेच पटवर्धन फार्शीचे अध्यापक, फार्शी-मराठी कोशाचे कर्ते, आणि पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते; 'भाषाशुद्धि-विवेक' हे त्यांचे पुस्तक १९३८ सालचे. परकीय शब्द मराठीतून काढावेत असे सांगणाऱ्या ग्रंथकाराला लोक अखेरपर्यंत आणि आजही एका परकीय नावानेच ओळखतात. शब्द भाषेतून काढता येतो. वाचकांनी स्वीकारलेले नाव काढता येत नाही.

यानंतरच्या पिढीत नात्याचे नाव जवळजवळ थांबले. गोविंद विनायक करंदीकर यांनी आपल्या नावातले पहिले अक्षर टाकून 'विंदा' केले. त्यात खेळकरपणा आहे, नाते नाही. चिंतामण त्र्यंबक खानोलकर (१९३०–१९७६) यांनी कवितेसाठी 'आरती प्रभू' हे नाव घेतले. नाव स्त्रीचे, आडनाव कोकणच्या मातीतले. कादंबऱ्या आणि नाटके खानोलकरांची, कविता आरती प्रभूंची. येथे नाव हे कोणाशी जोडणारे नसून एक वेगळी व्यक्ती उभी करणारे आहे. माणिक गोडघाटे (१९३७–२०१२) यांचे 'ग्रेस' हे नाव इन्ग्रिड बर्गमन या अभिनेत्रीच्या एका चित्रपटातून सुचले, असे सांगितले जाते. ते नाव घेणाऱ्याने आपल्यामागे ना वडिलांचे नाव ठेवले, ना गावाचे, ना भाषेचे. ही दोन्ही नावे अधिक विचाराला पात्र आहेत. परंतु त्यांचा अर्थ कवितेच्या आतूनच लावावा लागेल, आणि तो या लेखाचा विषय नाही.

आतापर्यंत ज्यांची नावे आली, त्यांना टोपणनाव घेतले नसते तरी चालले असते. एका लेखिकेच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातील गोष्टी त्यात उघडपणे लिहिल्या होत्या. पुस्तकाने खळबळ उडाली आणि ही विभावरी कोण, हा प्रश्न साहित्यापेक्षा मोठा झाला. उर्दू-हिंदीत या प्रसंगाला जवळचे उदाहरण प्रेमचंदांचे आहे. 'नवाब राय' या नावाने लिहिलेले 'सोज़े वतन' सरकारने जप्त केल्यावर धनपत राय यांना नवे नाव घ्यावे लागले. तेथे भय सरकारचे होते. येथे ते शेजारपाजारचे, शाळेचे, नात्यागोत्याचे होते, आणि ते अधिक जवळचे होते.

लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे. पुढे विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. मराठी नावाच्या रचनेविषयी वर जे सांगितले त्याचा उरलेला अर्धा भाग येथे सांगितला पाहिजे : स्त्रीचे मधले नाव लग्नाआधी वडिलांचे असते, लग्नानंतर पतीचे होते, आडनाव बदलते, आणि पुष्कळ घरांत तिचे स्वतःचे नावही बदलले जाई. पुरुषाच्या नावाचे तीनही भाग सहसा आयुष्यभर टिकतात, स्त्रीचा एकही भाग टिकेलच असे नाही. या दृष्टीने पाहिले तर 'विभावरी शिरूरकर' हे नाव विलक्षण आहे. विभावरी म्हणजे रात्र. शिरूरकर हे गावाचे आडनाव. त्यात मधले नाव नाही. वडील नाहीत, पती नाही. आणि १९३३ पासून पुढे, 'बळी' (१९५०) या कादंबरीपर्यंत आणि त्यानंतरही, ते बदलले नाही. जे 'खोटे' नाव, तेच या लेखिकेचे सर्वांत टिकाऊ नाव ठरले. त्याला टोपणनाव म्हणायचे, आणि लग्नपत्रिकेने दिलेल्या नावाला खरे म्हणायचे, ही आपली भाषा तपासून घ्यावी असे मला वाटते.

या प्रकरणाचा उत्तरार्ध मला अधिक हृदयस्पर्शी वाटतो. १९५३ साली त्यांनी आपल्या वडिलांचे चरित्र कादंबरीच्या रूपात लिहिले. मुलींना शिकविण्यासाठी झटलेल्या शिक्षकाची ती कथा. पुस्तकाचे नाव 'खरेमास्तर'. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर, आणि शीर्षकात तिचे स्वतःचे, मागे टाकलेले आडनाव. केशवसुतांनी बापाचे नाव स्वतःच्या नावात आणले. या मुलीने स्वतःच्या नावातून बापाचे नाव वगळले आणि ते ग्रंथाला दिले. 'खरे' या शब्दाचा सामान्य अर्थ येथे आपोआपच ऐकू येतो. त्यावर मी अधिक बोलत नाही.

शेवटी ज्याच्याविषयी लिहायचे, ते नाव अगदी वेगळ्या ठिकाणाहून येते. दगडू मारुती पवार (१९३५–१९९६) हे साहित्यात दया पवार म्हणून ओळखले जातात. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि दलित आत्मकथनांच्या लाटेतील पहिले महत्त्वाचे पुस्तक ठरले. त्या पुस्तकाची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. दया पवार आणि दगडू मारुती पवार हे त्यात समोरासमोर येतात. दगडू आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाची ही दोन नावे. एक जन्माबरोबर आलेले, दुसरे स्वीकारलेले.

मुलांना दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवण्याची चाल महाराष्ट्रात अनेक जातींत होती. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून मुद्दाम अशुभ वाटेल असे नाव ठेवीत. परंतु अस्पृश्य मानलेल्या समाजात अशा नावांचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एकतिसाव्या श्लोकात वर्णावर्णाची नावे कशी असावीत ते सांगितले आहे : ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक, शूद्राचे तिरस्कार सुचविणारे. जो शूद्राहूनही खाली ठेवला गेला, त्याच्या 'दगडू' या नावात दृष्ट काढणे किती आणि हा जुना दंडक किती, हे वेगळे करून दाखविता येत नाही. ज्याचे नाव 'कृष्णाजी' आहे, त्याला ते गाळून नुसते 'केशवसुत' होणे परवडते. ज्याचे नाव 'दगडू' आहे, त्याचा नाव गाळण्याचा प्रश्न निराळा असतो.

म्हणूनच 'बलुतं'मधील योजना मला मोलाची वाटते. नवे नाव घेतल्यावर जुने फेकून देणे सोपे होते, आणि कोणी त्याबद्दल बोलही लावला नसता. लेखकाने दगडूला समोर बसविले आणि बोलू दिले. 'तखल्लुस'मधील सुटका येथे आहे, पण सुटलेला माणूस मागे वळून पाहत आहे. जुन्या अभंगात कवीचे नाव कवितेच्या आत असे, छपाईने ते बाहेर काढले, असे वर म्हटले आहे. 'बलुतं'मध्ये ते पुन्हा आत आले आहे. फक्त 'दगडू म्हणे' असे म्हणणारा आणि ते ऐकणारा, दोघेही तेथे हजर आहेत.

आता थोडे व्यवहाराचे. भारतीय साहित्याच्या कोशांत, सूचींत आणि भाषांतरांच्या प्रस्तावनांत मराठी लेखकांची नोंद करताना बहुधा दोन रीती दिसतात. एक, दफ्तरातले नाव मुख्य धरून काव्यनाम कंसात टाकणे. दुसरी, काव्यनाम तसेच अक्षरांतरित करून सोडून देणे. पहिल्या रीतीने विभावरी शिरूरकर यांच्या जागी 'बेडेकर, मालती – पाहा' असे येते, आणि लेखिकेने जे मधले नाव पुस्तकावर कधी येऊ दिले नाही ते कित्येकदा सूचीकार पुरे करतो. दुसऱ्या रीतीने 'कुसुमाग्रज' हा तमिळ किंवा बंगाली वाचकाला एक अर्थहीन ध्वनी होऊन बसतो. बंगाली वाचकाला 'भानुसिंह' हे नाव दिसले की भानु म्हणजे रवि, म्हणून हे रवींद्रनाथांचे, असा उलगडा होतो. तो आनंद आपल्या कवींच्या बाबतीत अन्य भाषिकांना मिळू नये असे काही नाही. नोंदीत नावाचा विग्रह आणि त्यातील व्यक्ती कोण, एवढे अर्ध्या ओळीत लिहिता येते. निदान विद्यार्थ्याचे दोन परिच्छेद वाचतील.

या सूचनेला एक नाव मात्र दाद देणार नाही. नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७) यांनी 'बी' या एकाक्षरी नावाने कविता लिहिली. मराठी कानाला ते बीज वाटते. इंग्रजी शिकलेल्या वाचकाला ती मधमाशी वाटू शकते, किंवा नुसते रोमन वर्णमालेतले दुसरे अक्षर. त्यांच्या संग्रहाचे नाव 'फुलांची ओंजळ' (१९३४). आणि फुलांपाशी बीही असते, मधमाशीही असते. विग्रह करायला त्या नावात सांधाच ठेवलेला नाही.